नाव काय लिहू? एका प्रदर्शनाच्या कामाची नोंदवही

३ जून

आज वाचनालयाच्या कार्यकारिणीने होकार दिला. गणपती उठले की सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सभागृहात प्रदर्शन लावायचं. विषय माझाच : जुन्या कागदपत्रांत दिसणारी अमेरिकेतली साधी माणसं आणि त्यांचं रोजचं जगणं. दहा फलक, तीन बाय चार फुटांचे. वर मूळ कागदाचं मोठं चित्र, खाली मराठी मजकूर, सव्वाशे शब्दांच्या आत.

आमच्या आळीत घरटी एक तरी मूल तिकडे आहे. आईवडील सहा-सहा महिने न्यू जर्सीला, डॅलसला राहून येतात. मॉल पाहून येतात, नायगारा पाहून येतात. पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी त्या मातीवर कोण राहत होतं, काय पिकवत होतं, घरात कोण आजारी होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी भाचीकडे चार महिने राहिले तेव्हा तिने मला तिथल्या खानेसुमारीचे, म्हणजे जनगणनेचे, जुने कागद संगणकावर उघडून दिले आणि मी त्यात अडकले ती अडकलेच. हे कागद आता घरबसल्या कुणालाही बघता येतात.

फलकांची मांडणी माझा जुना विद्यार्थी करणार आहे. त्याचं डीटीपीचं दुकान आहे. वळणदार इंग्रजी अक्षर अडलं तर भाची आहेच.

७ जून

सुरुवात १८५० च्या खानेसुमारीच्या अर्जापासून करायचं ठरलं, कारण खरी कलाटणी तिथे आहे. त्यांची पहिली खानेसुमारी १७९० ची. तेव्हा फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकी घर म्हणजे आकडे : सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष किती, सोळाच्या आतले किती, गोऱ्या बायका किती, इतर स्वतंत्र माणसं किती, गुलाम किती. आई, आजी, तान्हं बाळ, सगळे एका आकड्यात. १८५० मध्ये पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाला स्वतःची ओळ मिळाली. नाव, वय, जन्म कुठला, लिहिता-वाचता येतं का.

धंद्याचा रकाना मात्र त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपुरताच होता. बायकांच्या ओळीत तिथे कोरी जागा.

मोजणी करणाऱ्याला माणशी दोन सेंट मिळत. शेताच्या माहितीला दहा सेंट, कारखान्याला पंधरा. सरत्या वर्षात घरात कुणी वारलं असेल तर त्या नोंदीचेही दोन सेंट. घोड्यावरून किंवा पायी, दऱ्याखोऱ्यांत घर शोधत जायचं, दाराशी उभं राहून विचारायचं.

मी स्वतः १९९१, २००१ आणि २०११ या तीन जनगणनांत प्रगणक होते. शाळा सुटली की पिशवीत अर्ज घालून वाडीवस्तीवर. "नाव काय लिहू?" हा प्रश्न मी किती हजार वेळा विचारला असेल! नवऱ्याचं नाव विचारलं की म्हाताऱ्या बायका पदर तोंडाशी नेऊन नातवाला हाक मारायच्या, "सांग रे बाईंना आज्याचं नाव." नाव घेणं ही त्यांच्या लेखी साधी गोष्ट नव्हती. ते कागद वाचताना मला पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतं ते हेच : दार कुणी उघडलं असेल, आणि उत्तर कुणी दिलं असेल?

११ जून

शेतीचा तक्ता. हा बघून माझा विद्यार्थी हरखला. त्याच्या घरी अजून सहा एकर आहे.

१८५० च्या त्या एका कागदावर शेतकऱ्याचं नाव आणि मग उजवीकडे रकानेच रकाने. कसलेली जमीन किती एकर, पडीक किती, अवजारांची किंमत, घोडे, खेचरं, दुभत्या गायी, कामाचे बैल, मेंढ्या, डुकरं. गहू, मका, ओट किती बुशेल (बुशेल म्हणजे धान्य मोजायचं तिकडचं माप). कापसाच्या गासड्या, एक गासडी चारशे पौंडांची. फळबागेचं उत्पन्न डॉलरमध्ये. मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेली साखर. मेण आणि मध. रेशमाचे कोश. घरी विणलेल्या-शिवलेल्या वस्तूंची किंमत. लोणी किती पौंड, चीज किती पौंड. वर्षाला शंभर डॉलरचंही पिकत नसेल, तर ते शेत मोजलंच जायचं नाही. म्हणजे सगळ्यात गरीब शेतकरी या कागदावर भेटतच नाही.

१८८० च्या तक्त्यात कोंबड्या आल्या आणि त्यासोबत अंडी. मागच्या वर्षात तुमच्याकडे किती डझन अंडी झाली? हे सरकारने विचारलं आणि लोकांनी सांगितलं. विद्यार्थी म्हणाला, "बाई, माझ्या आईला विचारलं तर ती एका अंड्याचाही फरक पडू देणार नाही." अगदी बरोबर बोलला. लोणी आणि अंडी हा बाईच्या हातचा हिशेब. पहाटे उठून गाय पिळायची, साय धरायची, घुसळायचं, लोणी धुऊन मीठ घालून मडक्यात दाबायचं. पण ओळीच्या सुरुवातीला नाव शेताच्या मालकाचं. आडनावाखाली दडलेलं तिचं वर्षभराचं काम त्या एका लोण्याच्या आकड्यात आहे. फलक दोनवर तोच रकाना मोठा करून घ्यायचा.

१८ जून

फलक तीन. एकच घर, दोन खानेसुमाऱ्या. घर इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्ड गावातलं, आठवा रस्ता आणि जॅक्सन रस्ता यांच्या कोपऱ्यावरचं. वकील अब्राहम लिंकन यांचं. मोठ्या माणसाचं घर मुद्दाम घेतलं, कारण या घरातल्या माणसांच्या खऱ्या जन्मतारखा आपल्याला माहीत आहेत, त्यामुळे कागद ताडून बघता येतो.

१८५० च्या नोंदीत मेरी लिंकन यांचं वय २८. दहा वर्षांनी, १८६० मध्ये, ३५. त्यांचा जन्म डिसेंबर १८१८ चा, म्हणजे पहिल्या वेळी ३१ आणि दुसऱ्या वेळी ४१ हवं होतं. दहा वर्षांत बाई सात वर्षांनी वाढल्या.

विद्यार्थ्याने मथळा करून आणला होता, "वय लपवणाऱ्या मिसेस लिंकन". मी तो काढायला लावला. उत्तर त्यांनीच दिलं हे आपल्याला कुठे माहीत आहे? नवऱ्याने सांगितलं असेल, मोलकरणीने सांगितलं असेल, शेजारणीने अंदाजाने सांगितलं असेल. मी स्वतः कुलूपबंद घरांची माहिती शेजारून घेतलेली आहे आणि नंतर ती दुरुस्त करायला पुन्हा गेलेली आहे. दुसऱ्याच्या दारात उभं राहून आपण लिहिलेल्या आकड्यावरून त्या बाईच्या स्वभावाचा निवाडा करू नये.

१८६० चा तो उन्हाळा. लिंकन राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झालेले होते. कागदावर मात्र : वय ५१, धंदा वकील, स्थावर ५,००० डॉलर, जंगम १२,००० डॉलर. बस.

त्याच घरात १८५० मध्ये कामाला आयर्लंडहून आलेली अठरा वर्षांची मुलगी आहे. १८६० मध्ये दुसरीच एक मुलगी, तीही अठरा वर्षांची. हिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं लिहिलंय, एम, आणि पुढे आडनाव. मेरी असेल, मार्था असेल, मार्गारेट असेल. घरातल्या मालकिणीचं वय चुकलं ते आपण ताडून बघू शकलो. या मुलीचं काहीच ताडून बघता येत नाही.

२० जून

काल रात्री झोप नीट लागली नाही. त्या घराचा तिसरा कागद सापडला.

१८५० पासून १८८० पर्यंत खानेसुमारीसोबत मृत्यूंचा वेगळा तक्ता असे. १ जूनच्या आधीच्या बारा महिन्यांत घरात जे वारले त्यांचा. नाव, वय, जन्म कुठला, कोणत्या महिन्यात गेले, कशाने गेले, आणि शेवटचा रकाना : किती दिवस आजारी होते.

लिंकन यांचा दुसरा मुलगा एडवर्ड १ फेब्रुवारी १८५० ला गेला. मार्चमध्ये तो चार वर्षांचा झाला असता. कारण लिहिलंय क्षय. आजाराचे दिवस : ५२.

बावन्न. 'दीड-दोन महिने' असं नाही. आपल्याकडे घरात असं झालं की सांगताना माणूस म्हणतो, "दिवाळीपासून अंथरुणाला होता". इथे कुणीतरी दिवस मोजले होते. मी कॅलेंडर घेऊन मागे मोजत गेले तर ११ डिसेंबर येतो. त्या दिवशी पोराच्या अंगात पहिल्यांदा ताप भरला असेल, त्या आईच्या मनात ती तारीख कोरली गेली असेल, आणि उन्हाळ्यात दारात आलेल्या माणसाला तो आकडा सांगितला गेला. ज्या घरात स्वतःचं वय धड सांगितलं जात नाही, त्या घरात लेकराच्या आजारपणाचा दिवस चुकत नाही.

फलक चार हाच. मजकूर सत्तर शब्दांतच संपला. वाढवणार नाही.

अनुवादातली अडचण इथे लिहून ठेवते. कन्झम्प्शनला 'क्षय' चपखल बसतो. ड्रॉप्सीला कोशात 'जलोदर' आहे, पण तो फक्त पोटाचा. तिथे सगळ्या अंगावर चढणारी सूज अभिप्रेत आहे, म्हणून 'अंगावर सूज येऊन' असं लिहिते. लहान मुलांच्या नोंदीत 'दात येताना' हे मृत्यूचं कारण म्हणून पुन्हापुन्हा येतं. आपल्याकडच्या जुन्या बायकाही तसंच सांगायच्या, त्यामुळे त्याला टीप लागणार नाही.

२६ जून

आज काम पुढे सरकलं नाही.

१८५० आणि १८६० मध्ये गुलामांसाठी निराळा तक्ता होता. डावीकडे मालकाचं नाव. त्यापुढे एकाखाली एक ओळी : १, १, १, १. मग वय, लिंग, रंग. त्यानंतर पळून गेलेत का, मुक्त केलेत का, आंधळे-बहिरे-वेडे आहेत का. नाव नाही. ३५, पुरुष, काळा. ३०, स्त्री, काळी. ८, स्त्री, मिश्र. २, पुरुष, काळा. आई कोण, लेकरू कोणाचं, काही नाही.

हे विसरून झालेलं नाही. आधीच्या मसुद्यात गुलामांची नावं लिहायची असंच होतं. सेनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी हरकत घेतली आणि तो रकाना खोडला गेला. १८५० मध्ये असे ३२ लाखांहून जास्त लोक होते, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख. १८६० च्या तक्त्यात एक रकाना वाढवलाही : गुलामांची घरं किती.

आणि मग त्या मृत्यूंच्या तक्त्यात परत गेले. तिथे 'स्वतंत्र की गुलाम' असा रकाना आहे आणि पुष्कळ ठिकाणी गुलामाचं पहिलं नाव लिहिलेलं आहे. जिवंतपणी नाव नाही, मेल्यावर आहे. मी भाचीला फोन करून खात्री करून घेतली की मी काही चुकीचं वाचत नाहीये. नव्हते.

२ जुलै

जेफरसन यांच्याबद्दल विद्यार्थ्याने एक छान कागद शोधला होता. ते राष्ट्राध्यक्ष होते त्या आठ वर्षांत, १८०१ ते १८०९, वॉशिंग्टनच्या बाजारात कुठली भाजी पहिल्यांदा कधी आली आणि शेवटची कधी दिसली, याचा तक्ता त्यांनी ठेवला होता. सदतीस प्रकारची भाजी आणि फळं. मटार, शतावरी, कलिंगडं, एकेकाच्या तारखांसहित. बघायला फार सुंदर आहे. मंडईत रोज जाणाऱ्या माणसाला त्याच्यासमोर उभं राहावंसं वाटेलच.

पण मी त्याला त्याच हाताचा दुसरा कागद दाखवला. सप्टेंबर १७६९, व्हर्जिनिया गॅझेट. जेफरसन तेव्हा सव्वीस वर्षांचे. जाहिरात आहे पळून गेलेल्या गुलामाची. त्याचं नाव सँडी. वय सुमारे ३५. धंदा चांभाराचा, आणि काम मुख्यतः डाव्या हाताने करतो. जाडंभरडं सुतारकामही येतं. घोड्यांचा शौकीन. पांढरा घोडा घेऊन गेलाय. जोडे शिवायची हत्यारंही सोबत नेलीत, म्हणजे पुढे तेच काम शोधेल. आणून देणाऱ्याला चाळीस शिलिंग, दूर सापडला तर जास्त.

सरकारी तक्त्यात ज्याची ओळख '३५, पुरुष' एवढीच झाली असती, तो इथे डावखुरा निघतो. त्याच्या हातात कसब आहे, त्याला घोडा आवडतो, त्याने निघताना हत्यारं बांधून घेतली. हे सगळं प्रेमाने लिहिलेलं नाही, पकडता यावा म्हणून लिहिलंय. तरी अडीचशे वर्षांनी सँडी मला दिसतो तो त्याच्या मालकाच्या गरजेमुळे. पुढे तो सापडला आणि १७७३ मध्ये शंभर पौंडांना विकला गेला.

भाजीचा तक्ता आणि ही जाहिरात एकाच फलकावर शेजारी-शेजारी लावायची. विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, दोन्ही सारख्या आकारात घेऊ."

९ जुलै

आषाढी होऊन तीन दिवस झाले. रेडिओवर पंढरपूर ऐकताना एक गोष्ट डोक्यात आली आणि फलक सहाचा मजकूर सुटला.

मी लहानपणी आजीबरोबर वारीला गेले होते. वाळवंटात कर्णा लावलेला, आणि त्यातून एकसारखी हरवलेल्यांची नावं : अमक्या गावच्या तमकीने जिथे असेल तिथून दिंडी क्रमांक अमुककडे यावं, तिचे घरचे लोक वाट बघताहेत. गाव, नाव, अंगावरचं लुगडं कुठल्या रंगाचं. हजारो माणसं आपापल्या गडबडीत, तरी नाव पुकारलं की क्षणभर सगळे कान देत.

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामी संपली. त्याआधी पिढ्यानपिढ्या आईला एका राज्यात आणि मुलाला दुसऱ्या राज्यात विकलेलं. सुटल्यावर माणसांनी पहिलं काय केलं, तर आपली माणसं शोधायला घेतली. न्यू ऑर्लिन्सच्या साउथवेस्टर्न ख्रिश्चन अॅडव्होकेट या मेथडिस्ट पत्रात १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून 'लॉस्ट फ्रेंड्स' नावाचं सदर चालत असे. वर्गणीदाराची जाहिरात फुकट, इतरांना पन्नास सेंट. पत्र सुमारे पाचशे धर्मोपदेशकांकडे जाई आणि त्यांनी ते सदर प्रार्थनेच्या वेळी व्यासपीठावरून मोठ्याने वाचावं, अशी विनंती छापलेली असे. तो त्यांचा कर्णा.

या मजकुरांची एक ठरलेली घडण आहे. आधी : मला माझ्या माणसांची चौकशी करायची आहे. मग आईचं नाव, बापाचं नाव, भावंडांची नावं एकामागून एक. आम्ही अमक्याचे होतो, तो वारल्यावर वाटणीत मी त्याच्या मुलीकडे गेले, मग मला तमक्या व्यापाऱ्याने अमुक गावी नेलं. शेवटचं पाहिलं तेव्हा भाऊ एवढाएवढा होता. तेव्हा माझं नाव असं होतं, आता असं आहे. खाली पत्ता.

त्यात मालकांची नावंही येतात, कारण पत्ता सांगायला दुसरी खूणच नव्हती. आडनाव मालकाबरोबर बदललेलं. भाऊ आज कोणत्या आडनावाने जगतोय हे बहिणीला कसं कळावं? म्हणून लहानपणीचं हाक मारायचं नाव द्यायचं. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांनंतर ही माणसं भावंडांची पूर्ण यादी पाठ म्हणतात.

१८७० च्या खानेसुमारीत ही सगळी माणसं पहिल्यांदा नावानिशी आली. तिथले कृष्णवर्णीय लोक आपली वंशावळ शोधत मागे जातात तेव्हा बहुतेकांची वाट १८७० ला अडते. त्याच्या मागे फक्त वय, लिंग, रंग. भाची म्हणाली, तिच्या ऑफिसातली मैत्रीण त्याला 'भिंत' म्हणते.

या फलकासाठी सव्वाशे शब्दांचा नियम मोडणार. कार्यकारिणीला सांगितलंय.

१४ जुलै

फलक सात, पार्सलचा. हा विद्यार्थ्याच्या हट्टाखातर. १ जानेवारी १९१३ ला अमेरिकेत टपालाने मोठी पार्सलं पाठवायची सोय सुरू झाली. १९ फेब्रुवारी १९१४ ला आयडाहोमधल्या ग्रेंजव्हिलहून एका सहा वर्षांच्या आतल्या मुलीला तिच्या आजीकडे लुइस्टनला पाठवलं, कोटावर ५३ सेंटची तिकिटं लावून. आगगाडीच्या तिकिटापेक्षा ते स्वस्त पडत होतं. टपालाच्या डब्यातला कारकून मुलीच्या आईच्या नात्यातला होता, त्यामुळे पोर आपल्याच माणसाच्या हातात होती, हे मजकुरात आलंच पाहिजे. मुलं या फलकापाशी थांबतील. थांबू देत.

१९ जुलै

१९०० च्या कागदात दोन रकाने आहेत, विवाहित बायकांसाठी. किती मुलांची आई. त्यांतली हयात किती.

हे मी स्वतः विचारलेलं आहे. आपल्या जनगणनेतही हा प्रश्न होता. २००१ मध्ये डोंगराकडेच्या एका वस्तीवर एक आजी ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. किती मुलं झाली, विचारल्यावर सूप खाली ठेवलं आणि बोटांवर मोजायला लागल्या. एक बोट, दुसरं, तिसरं. चौथ्या बोटाशी थांबून म्हणाल्या, "हा नांदला न्हाई." मग पुढचं बोट. मी नऊ लिहिलं आणि पुढे पाच. सुपातली ज्वारी उन्हात चमकत होती, हे मला आजही दिसतं.

आता १९०० च्या पानांवरून बोट फिरवत जाते तेव्हा आकड्यांच्या जोड्या दिसतात आणि प्रत्येक जोडीत वजाबाकी. इथे मी नवीन काही लिहिणार नाही. पानाचं चित्र, त्या दोन रकान्यांना पिवळी चौकट, आणि आपल्या जनगणनेतला तोच प्रश्न मराठीत.

२२ जुलै

कुणीतरी विचारणारच, १८९० चा कागद का नाही. त्याचं उत्तर छोट्या पट्टीवर : त्या वर्षी पहिल्यांदा प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र कागद होता, मोजणी हर्मन हॉलेरिथच्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या यंत्रावर झाली, सहा कोटींहून जास्त माणसं नोंदली गेली. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. तळघरात तिजोरीच्या बाहेर फळ्यांवर ठेवलेले गठ्ठे आगीत आणि पाण्यात गेले. उरली जेमतेम सहा हजारांच्या आसपास नावं. ज्यांनी दप्तर सांभाळलंय त्यांनाच कळेल हे वाचून पोटात कसं होतं ते.

३० जुलै

पावसाने तीन दिवस वीज नव्हती. त्या वेळात कागदावरच फलक नऊचा मजकूर लिहिला. मार्था बॅलर्ड, सुईण. गाव हॅलोवेल, आताच्या मेन राज्यात, केनेबेक नदीच्या काठी. १७८५ च्या जानेवारीपासून १८१२ मध्ये वारल्या तोवर रोज डायरी लिहिली. सत्तावीस वर्षं. ८१६ बाळंतपणं केली.

नोंदी अगदी तुटक. आज आभाळ स्वच्छ, थंडी. सूत धुतलं. अमकीकडे बोलावणं आलं, नदी ओलांडून गेले. मुलगी झाली. फी सहा शिलिंग. घरी आले. नदी कधी गोठलेली, कधी पुराची, कधी होडीतून. बायकांची नावं बहुतेक नवऱ्याच्या आडनावानेच.

ऑक्टोबर १७९१ ची एक नोंद. तेव्हा कायदाच होता की लग्नाशिवाय मूल होत असेल तर कळा सुरू असताना सुईणीने बापाचं नाव विचारायचं. त्या वेळी बाई खोटं बोलत नाही असा समज, आणि सुईण म्हणजे साक्षीदार. त्या रात्री मार्थाबाई सॅली नावाच्या मुलीच्या उशाशी होत्या. नेमाप्रमाणे विचारलं. सॅलीने नाव सांगितलं ते मार्थाबाईंच्याच मुलाचं, जोनाथनचं. घरी येऊन त्यांनी ते डायरीत जसंच्या तसं लिहिलं. न गाळता, न झाकता, आपल्याच हाताने. पुढच्या फेब्रुवारीत त्या दोघांचं लग्न झालं.

मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. विचारलेलं उत्तर आपल्याला नको ते निघालं तरी रकान्यात तेच लिहायचं, हे काम सोपं नाही.

६ ऑगस्ट

शेवटच्या फलकाला आनंदीबाई जोशी हव्यात असं सगळ्यांचंच म्हणणं. मलाही हव्या होत्या. पण त्या १८८३ मध्ये तिकडे गेल्या आणि १८८६ मध्ये परतल्या. १८८० ची खानेसुमारी होऊन गेलेली, १८९० ची यायची. म्हणजे दोन्हींच्या मधल्या फटीत त्यांचं अमेरिकेतलं राहणं. त्या कागदांत त्या सापडणारच नाहीत. सापडतात त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दप्तरात, ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली तिथे. आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या स्मशानभूमीत, जिथे त्यांच्या अस्थी, त्यांना तिकडे आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत आहेत. इंग्रजीत आडनाव त्या दोन 'ई' घालून लिहीत. फलकावर त्यांची तीच सही घेतली.

त्याच फलकाच्या खालच्या अंगाला १९४० च्या कागदाचा एक तुकडा. त्या वर्षी प्रगणकांना सांगितलं होतं की घरात ज्याने माहिती दिली त्याच्या नावापुढे वर्तुळात फुली करा. बहात्तर वर्षं बंद ठेवून २ एप्रिल २०१२ ला हे कागद खुले झाले. पानभर बायकांच्या नावांपुढे ती खूण दिसते. दार कुणी उघडलं, या माझ्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचं एका वर्षापुरतं तरी उत्तर मिळालं.

२१ ऑगस्ट

प्रुफं तपासली. फलक तीनवर त्या मोलकरणीच्या नावातलं 'एम.' संगणकाने गाळून नुसतं आडनाव ठेवलं होतं. परत घालून घेतलं, टिंबासकट. फलक सहात दोन शुद्धलेखनाच्या चुका. फलक दोनमध्ये 'पाउंड' होतं, 'पौंड' केलं, सगळीकडे सारखं.

९ सप्टेंबर

फलक लावायला सुरुवात. वाचनालयाचे शिपाईमामा शिडीवर, मी खाली हातोडी आणि खिळे घेऊन. पाचवा फलक लावायला उचलला, गुलामांच्या तक्त्याचा, आणि मामा थबकले. "बाई, हा चुकून छापलाय का? नाव एकच आहे, खाली नुसते आकडे."

मी सांगितलं. ते शिडीवरच बसले. फलक मांडीवर धरून एकेक ओळ बघत राहिले. मग विचारलं, "ह्यांची नावं कुठंच न्हाईत?" मी समोरच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या सहाव्या फलकाकडे बोट केलं, हरवलेल्या माणसांच्या. म्हटलं, "यांचीच असतील असं नाही सांगता येत. पण अशांची आहेत."

मामा खाली उतरले. मी काढलेल्या आराखड्यात सहावा पलीकडच्या भिंतीवर होता, खिडकीशेजारी. त्यांनी तो उचलून आणला आणि पाचव्याला लागूनच धरून बघितला. "हितं लावू या." लावला. जेफरसन यांची भाजी त्यामुळे खिडकीकडे गेली, तिथे उजेडही बरा आहे.

पार्सलच्या फलकाला खिळे कमी पडले. दीड इंची, सहा नग, उद्या येताना आणायचे.